उपासाला सलाईन चालतं का?

आमच्या भागात माणूस चक्कर येऊन पडला की पहिलं काम म्हणजे त्याला उठवून बसवणं. दोघं काखेत हात घालतात, तिसरा पाठीला गुडघा लावतो, चौथा नाकाशी फोडलेला कांदा धरतो आणि पाचवा मला बोलवायला धावतो. मी पोचेपर्यंत त्या बिचाऱ्याला चौघांनी मिळून शुद्धीवर येण्यापासून अडवून धरलेलं असतं. मांजरसुंब्याच्या चौकापासून थोडं आत, बाजारपेठेच्या गावात, पंचवीसेक वर्षं मी दवाखाना चालवतो आहे. गावही माझंच. या काळात मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य 'काय त्रास होतोय?' हे नसून 'आधी आडवं करा त्याला' हे असावं.

शरीर पडतं ते शहाणपणाने पडतं. डोक्याला रक्त पुरेनासं झालं की ते स्वतःच आडवं होतं, कारण आडव्या माणसाच्या मेंदूपर्यंत रक्त चढवावं लागत नाही. उन्हाने, उपाशीपोटी, किंवा नुसती सुई बघूनही माणसं पडतात. पण जंतूंमुळे माणूस पडतो हे लोकांना चटकन पटत नाही. जंतू म्हणजे ताप आणि खोकला एवढंच डोक्यात बसलेलं असतं. लघवीच्या जागेतले, दाढेतले, गळवातले जंतू धडधाकट माणसाला जमिनीवर आणू शकतात, हे सांगितलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि बाहेर जाऊन नजर उतरवून घेतो.

मी पाण्याच्या टाकीचं उदाहरण देतो. जंतू रक्तात शिरले की शिरा सैल होतात, म्हणजे घरातले पाइप अचानक रुंद झाले. त्यात ताप आणि घामाने टाकीतलं पाणी घटलं. मग वरच्या मजल्यावरच्या नळाला धार येईल का? आपला वरचा मजला म्हणजे डोकं. उपाय दोन, आणि दोन्ही एकदमच करायचे. सलाईनने टाकी भरायची आणि अँटिबायोटिकने जंतू मारायचे. एवढंच शास्त्र. बाकी सगळं माणसांना समजावणं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. या दोन्ही औषधांची मी आयुष्यात बरीच नासाडी केली. 'डॉक्टर, एक बाटली लावा, जरा तरतरी यील' म्हणून आलेल्या ठणठणीत माणसांना मी बाटल्या लावल्या. साध्या सर्दीला 'पावरची गोळी' द्या म्हणणाऱ्यांना ती दिली. नाही दिली तर समोरचा दवाखाना होताच. आता जे जंतू पूर्वी दोन डोसांत गप्प व्हायचे ते पाच डोसांना जुमानत नाहीत, तेव्हा त्यात माझाही हात आहे हे मला ठाऊक असतं. बायको म्हणते, तुम्ही पाऊस कमी पडला तरी स्वतःला जबाबदार धराल. खरं आहे. पण या बाबतीत मी खरंच जबाबदार आहे.

असो. दिवाळी अंक वाचणाऱ्याला फार छळू नये. एका ट्रकवाल्याची गोष्ट सांगतो.

चौकातल्या एका ढाब्यावर हा गडी जेवून हात धुवायला उठला आणि बेसिनजवळच कोसळला. ढाबामालकाने जीपमध्ये घालून आणला. आल्या आल्या ट्रकवाला म्हणाला, "दारू न्हाई प्यालो साहेब, आईशप्पथ."

"मी कुठे म्हटलं प्यालास?"

"हे समदे म्हनत्यात."

अंग चटके बसण्याइतकं तापलेलं, नाडी पळत होती. घसा बघितला, छाती ऐकली, पोट दाबायचं म्हणून सांगितलं, "उताणा हो."

"न्हाई होत."

"का?"

गड्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. ढाबामालक खवळला. "आरं, कामून लाजतूस? डॉक्टर हाय त्यो, सासरा न्हाई तुजा!"

तेव्हा कुठे लुंगी सरकली. बसण्याच्या जागेवर लिंबाएवढं गळू. त्याच्यावर बसून हा माणूस पार दक्षिणेतून ट्रक हाकत आला होता. सीटवर ट्यूब फुगवून ठेवली होती म्हणे. कोणाला सांगायचं, आणि काय सांगायचं? मी जागा बधिर करून गळू फोडलं. नुसती गोळी देऊन अशा वेळी भागत नाही, पू साठलेल्या पिशवीत औषध नीट शिरतच नाही. आधी वाट करून द्यावी लागते. मग इंजेक्शन, मग सलाईन. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायाने उठला, एक तास नुसता उभा राहिला, आणि म्हणाला, "साहेब, उबं ऱ्हायला बी किती बरं वाटतंय!" अजूनही या रस्त्याने जाताना तो लांबलचक हॉर्न देतो. कोणता हॉर्न त्याचा हे मला ओळखू येत नाही, म्हणून मी सगळ्याच ट्रकना हात करतो.

पण मला खरं सांगायचंय ते प्रयागबाईंचं.

प्रयागबाईंचं बाजारगल्लीत बांगड्यांचं दुकान. घर वीरशैव, वय साठीकडे झुकलेलं, आवाज खणखणीत. बाई अतिशय नेमकी. मापात न बसणारी बांगडी त्या गिऱ्हाईक कितीही रडलं तरी हातात कोंबणार नाहीत. डॉक्टरला असा पेशंट म्हणजे पर्वणी. सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तसंच करणार.

नवरात्राच्या तोंडावर त्या आल्या. लघवीला आग, थंडी वाजून ताप. मूत्रमार्गाचा संसर्ग बायकांत फार, आणि आमच्याकडे त्याचं एक कारण म्हणजे बायका पाणीच पीत नाहीत. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायला धड जागा नसते. मी आठवड्याच्या गोळ्या दिल्या. "सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. एकही चुकवायची नाही. पाणी भरपूर."

त्यांनी परत म्हणून दाखवलं. "जेवणानंतर. चुकवायची न्हाई." मला इतकं बरं वाटलं की सगळे पेशंट असेच असावेत असं मी शोभा सिस्टरांना म्हणालो. शोभाबाई माझ्याकडे सुरुवातीपासून आहेत.

नवरात्र सुरू झालं. आमच्या गावच्या देवीच्या देवळात पंधरा-वीस बायका घटी बसतात. म्हणजे घटस्थापनेपासून घट उठेपर्यंत देवळातच मुक्काम, उपास, आणि जिच्या तिच्या घटापाशी आसन. कामाशिवाय जागा सोडायची नाही. प्रयागबाई लेक झाल्यापासून दरवर्षी बसतात.

मधल्या एका दुपारी तोच लेक, महादेव, मोटारसायकल लावायचंही भान न ठेवता दवाखान्यात शिरला.

"डॉक्टर, चला. आईच्या अंगात आलंय म्हनत्यात समदे. पर मला तसं वाटंना."

"का?"

"अंगात आलं की आई लई बोलती. आता बोलंनाच."

मी बॅग घेतली आणि शोभाबाईंना हाक मारली. एवढं अचूक निदान मला शिकवलेल्या प्राध्यापकांनीही क्वचितच केलं असेल.

देवळाच्या पायऱ्यांशी मात्र मी थांबलो. आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव आणि उपास एकदमच गेले. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीतल्या लोकांची या देवळात ये-जा पायऱ्यांपर्यंतच होती. आता तसं कोणी म्हणत नाही, पण पाय आपोआप तिथे अडखळतात. आतून गवळणबाईंचा आवाज आला. गवळणबाई म्हणजे घटी बसणाऱ्यांतल्या सर्वांत जुन्या, दात नसलेल्या, आणि नेमधर्माच्या बाबतीत देवळातलं शेवटचं कोर्ट.

"आत या की डॉक्टर! तितून काय दुर्बिणीनं बगताय व्हय?"

आत गेलो. प्रयागबाईंना खांबाला टेकवून बसवलेलं, दोघींनी खांदे धरलेले, मान एका बाजूला. कपाळभर हळदीकुंकू. एकजण नाकाशी कापूर धरून बसली होती. नवरात्रात देवळात कांदा आणता येत नाही, म्हणून कापूर. हात लावला तर अंगाची भट्टी.

"आधी आडवं करा," मी म्हणालो. केलं. "आता पाय वर घ्या, खाली उशी द्या."

पाय वर गेले आणि सगळा सभामंडप ओरडला, "देवीकडं पाय!"

मग चौघींनी त्यांना खाटेसारखं गरकन फिरवलं, डोकं देवीकडे आणि पाय दाराकडे. तेवढ्यानेच थोडं रक्त डोक्याला पोचलं असावं. प्रयागबाईंनी डोळे उघडले. पहिला प्रश्न, "आरती झाली का?"

रक्तदाब मोजला. वरचा आकडा ऐंशीच्या आसपास. संसर्ग मूत्रपिंडात चढून रक्तात उतरला होता. असा माणूस दुपारी बोलत असतो आणि रात्रीपर्यंत हाताबाहेर जातो.

"प्रयागबाई, गोळ्या घेतल्या ना?"

"पिशवीत हायेत. एक बी चुकवली न्हाई."

शोभाबाईंनी पिशवी उघडली. पाकीट जवळजवळ भरलेलं.

"अहो, ह्या तर तशाच आहेत!"

"मग? तुमी म्हणलता जेवणानंतर. घट बसल्यापून मी जेवलेच न्हाई. दसऱ्याला जेवले की घेणारच हाय."

"पण केळं, दूध, भगर, काहीतरी खाल्लं असेल ना?"

त्या अवस्थेतही त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "केळं म्हंजी जेवण व्हय डॉक्टर?"

"आणि पाणी?"

"पाणी पिलं की उटावं लागतंय. संडास पार मागं हाय, पिंपळाखाली."

मी तिथेच फरशीवर बसलो. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. रमजानच्या महिन्यात मुसलमान पेशंट आला की मी न विसरता विचारतो, रोजा आहे का, आणि गोळ्या सहरी-इफ्तारवर बसवून देतो. नवरात्राच्या आदल्या दिवशी बांगडीवाल्या बाईला मात्र विचारलं नाही. घरात उपास नसले म्हणून काय, मी काय परदेशातून आलो होतो? या बाई मेल्या असत्या तर माझ्या एका शब्दाने मेल्या असत्या.

"बीडला चला," मी म्हणालो. "सरकारी दवाखान्यात. महादेव, अँब्युलन्सला फोन लाव."

"घट उटल्याबिगर मी उंबरा वलांडत नसते," प्रयागबाई म्हणाल्या. आवाज क्षीण, पण त्यात घासाघीस नव्हती.

"मग इथेच सलाईन लावतो. अँब्युलन्स बाहेर उभी राहील. दुसऱ्या बाटलीपर्यंत दाब चढला नाही, लघवी झाली नाही, तर मात्र बीड."

"तवाचं तवा." मग त्यांनी विचारलं, "सलाईनमदी काय आसतंय?"

"पाणी आणि मीठ."

"कंचं मीठ? शेंदेलोण का साधं?"

उपासाला शेंदेलोण चालतं, साधं मीठ नाही, एवढं मलाही माहीत होतं. शोभाबाई कानाशी कुजबुजल्या, "सर, शेंदेलोण म्हणा ना. कोण तपासायला बसलंय?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. जीव वाचत असेल तर एक खोटं बोलायला काय हरकत? पण याच बाईने माझा एक शब्द जसाच्या तसा पाळला होता आणि त्यापायी ती इथे आडवी पडली होती. दुसरा शब्द खोटा द्यायला जीभ उचलेना.

"साधंच असतं," मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ द्या."

आता वाद पेटला. एकजण म्हणाली, त्वांडातून गेलं तर उपास मोडतो, दंडातून गेलं तर कसा मोडंल? दुसरी म्हणाली, मग उद्या कुनी भाकर बी शिरंतून घ्यायलं तर? तिसरीने मलाच विचारलं, "घेता येती का डॉक्टर, भाकर शिरंतून?" सगळ्या हसल्या. गवळणबाईंनी हात वर केला आणि निकाल दिला, "दुखण्याला उपासाची आडकाठी नसती. लावा बाटली."

"दुखणाऱ्यानं घट बसवू न्हाई मग," प्रयागबाई पुटपुटल्या. "मी बसले ना? डॉक्टर, तुमी सांगा. मोडतोय का न्हाई?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. ज्याच्या घरात तीन पिढ्यांत उपास नाही त्याने निकाल द्यायचा!

"मला त्यातलं कळत नाही, बाई," मी म्हणालो. "मला इतकंच कळतं, की मी 'जेवणानंतर' म्हणालो आणि उपास आहे का ते विचारलं नाही. चूक माझी आहे. तुम्ही तर सगळं सांगितलं तसं केलंत..." पन्नाशी उलटलेला डॉक्टर, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि भर मंडपात डोळ्यांतून पाणी. चष्मा काढून पुसावा तर हातात रक्तदाबाची पट्टी.

प्रयागबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी सुस्कारा टाकला.

"लावा बाबा, लावा. नवरात्रात डॉक्टरला रडवायचं पाप मला नगं. मोडला उपास तर मोडला, फुडच्या साली एक दिस जादा धरीन. डाव्या हाताला लावा पर. उजवा आरतीला लागतोय."

शोभाबाईंनी दुसऱ्या क्षणाला शीर पकडली. बाटली मांडवाच्या बांबूला टांगली. डोस तपासून अँटिबायोटिकचं इंजेक्शन शिरेतून दिलं. आणि मग सुरू झालं ते आमच्या धंद्यातलं सर्वांत अवघड काम, वाट बघणं. औषध लागू पडेल का, ही धास्ती होतीच. वर्षानुवर्षं सर्दी-पडशाला वाटलेल्या गोळ्या मला त्या दुपारी एकेक आठवत होत्या. बाहेर अँब्युलन्सचा ड्रायव्हर साबुदाण्याची खिचडी खात होता. मलाही भगर आणि शेंगदाण्याची आमटी मिळाली. इतक्या अपराधी मनाने इतकी चविष्ट आमटी मी कधी खाल्ली नव्हती. दुसऱ्यांदा मागून घेतली, त्याचंही वाईट वाटलं.

पहिली बाटली संपली. दाब नव्वदच्या खाली. दुसरी लावली. ताप किंचित उतरला, घाम आला, दाब नव्वदच्या वर सरकला. पण मला हवी होती ती एकच गोष्ट. मूत्रपिंडांना पुरेसं रक्त पोचतंय याचा आमच्याकडे साधा, रोकडा पुरावा असतो.

"लघवीला आल्यासारखं वाटतंय का?" मी हळूच विचारलं.

"काय म्हनत्यात?" गवळणबाईंनी कानाशी हात नेला.

"लघवी!"

"प्रयागे, मुतायला होतंय का म्हनत्यात!" सगळ्या गावाला ऐकू गेलं. सायंकाळच्या आरतीला माणसं जमलेली.

दुसरी बाटली तळाला येत होती, ड्रायव्हरने खिचडी संपवून हात धुतले होते, आणि मी महादेवला स्ट्रेचर आणायला सांगणार, तेवढ्यात प्रयागबाई म्हणाल्या, "होतंय वाटतं."

झालं. त्यांना धड उभं राहता येत नव्हतं आणि मला त्यांना उभं करायचंही नव्हतं. चौघींनी त्यांना खुर्चीत बसवून खुर्ची उचलली. शोभाबाई बाटली उंच धरून बाजूला. गवळणबाई काठी टेकत पुढे. बाकीच्या बायका लुगड्यांचे पदर दोन्ही बाजूंनी धरून आडोसा करत. आरतीला आलेल्या संबळवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने आपला संबळ सुरू केला. अशी ती सलाईनची मिरवणूक पिंपळाकडे निघाली. मी मंडपातच थांबलो. देवीसमोर उभा होतो. हात जोडले नाहीत, पण खिशातही घातले नाहीत.

संबळ थांबला. मग पिंपळाखालून गवळणबाईंचा आवाज आला.

"झाली गं बाई झाली! तांब्याभर झाली!"

मंडपात टाळ्या पडल्या. कोणीतरी देवीचा जयजयकार केला. अँब्युलन्सच्या ड्रायव्हरने गाडी वळवली. मला खांबाचा आधार घेऊन खाली बसावं लागलं, तर दोघी धावल्या आणि माझे खांदे धरून मला ताठ बसवू लागल्या.

पुढचे दोन-तीन दिवस इंजेक्शनं देवळातच दिली. मग गोळ्या सुरू केल्या. या वेळी मी एकेक शब्द तोलून म्हणालो, "केळं, दूध, भगर, काहीही पोटात गेलं की लगेच गोळी. आणि पाणी प्यायचं, उठावं लागलं तरी."

"काही बी. उटावं लागलं तरी," त्यांनी परत म्हणून दाखवलं. घट उठला त्या दिवशी त्या स्वतःच्या पायाने उंबरा ओलांडून घरी गेल्या.

आता प्रत्येक पेशंटला, कोणत्याही धर्माचा असो, मी आधी विचारतो, उपास आहे का, कसला आहे, त्यात काय चालतं. काहीजण वैतागतात. 'डॉक्टर, पंचांग घेऊन बसा' म्हणतात. खरंच ठेवलं आहे टेबलावर. आणि तरीही आधीच्या वर्षांत किती पाकिटं अशी पिशव्यांत भरलेली राहिली असतील, हा विचार जात नाही. जाऊही नये.

प्रयागबाई ठणठणीत आहेत. सांगितलेलं अजूनही तंतोतंत पाळतात. मी बाजारगल्लीतून निघालो, बायको बरोबर असो, शाळेचे मास्तर असोत, दुकानासमोर लग्नाच्या बांगड्या भरायला नवरीसकट वऱ्हाड बसलेलं असो, त्या हातातली बांगडी तशीच धरून सगळ्यांच्या डोक्यांवरून ओरडतात, "डॉक्टर! सकाळपून चारदा झाली बरं का!"

बायको भराभरा पुढे निघून जाते. मी थांबतो, हात वर करतो, आणि तितक्याच मोठ्या आवाजात म्हणतो, "छान!"